खंजिरीचे भजन आणि गाणाऱ्याचे दायित्व

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेजवळ, सर्पा नदीच्या काठी, मोहगाव नावाचे गाव आहे. अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे यात्रेकरूंना ते ठाऊक असते; इतरांस ते सौंसरजवळचे, संत्र्याच्या आणि कापसाच्या मुलखातले एक गाव म्हणून माहीत असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. विदर्भ मुंबई राज्याकडे गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली त्या जिल्ह्यातून सौंसर व पांढुर्णा हे तालुके काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. सीमा अशा हालल्या तरी घरातील भाषा हालली नाही. मुले शाळेत हिंदी वाचतात, कचेरीतला अर्ज हिंदीत लिहिला जातो, आणि चुलीपुढे व शेतात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी चालते.

सेवेच्या निमित्ताने या भागात आमचे जाणे-येणे असते. तेथील एका संध्याकाळी आम्ही देवळाच्या पारामागे बसून भजन ऐकत होतो. मुख्य गायक वयस्कर शेतमजूर होता. ग्रामसभेत हा मनुष्य कधी तोंड उघडत नाही, असे शेजारी बसलेल्याने आम्हांस हळूच सांगितले. त्याच मनुष्याने खंजिरी हाती घेतल्यावर दारू, हुंडा, कर्ज काढून केलेली लग्ने, मुलीला शाळेतून काढणे यांवर असे काही ऐकवले की, तेच शब्द ग्रामसभेत उच्चारले असते तर भांडण जुंपले असते. येथे मात्र प्रत्येक कडव्यानंतर साऱ्या मंडळींनी ध्रुपद उचलून धरले. ज्यांच्या घरचे कर्जाचे लग्न गावाला ठाऊक होते, त्यांनीसुद्धा. काही भजने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची होती, काही त्यांच्याच वळणावर गावातल्या कोणी रचलेली होती.

तुकडोजी महाराजांविषयी आमच्या वाचकांस काहीच सांगावयास नको, असे एका अर्थी म्हणता येईल. त्यांचे नाव विद्यापीठाला आहे, रस्त्यांना आहे, चौकांना आहे. परंतु ज्याचे नाव चौकाला दिले जाते त्याचे गाणे ऐकण्याचे आपण बहुधा सोडून देतो. प्रस्तुत लेखात आम्हांस त्यांच्या चरित्रापेक्षा दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. गाण्याने माणसे कामाला का लागतात, हा पहिला. आणि ती लागली म्हणजे गाणाऱ्याच्या माथी काय येते, हा दुसरा. दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांना उद्या मंडळीपुढे उभे राहावयाचे असल्यामुळे तो त्यांचाही आहे.

प्रथम वाद्याविषयी. खंजिरी म्हणजे लाकडाचे एक लहान कडे. त्याच्या एका बाजूस चामडे ताणलेले असते आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवलेल्या असतात. एका हातात ती धरावयाची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावयाची. ताल आणि झणत्कार एकाच वाद्यातून निघतात. पेटीला बैठक लागते, तबल्याला वादक वेगळा लागतो. खंजिरी स्वस्त आहे, पिशवीत मावते, आणि मुख्य म्हणजे वाजवणाऱ्याचे तोंड गाण्यासाठी मोकळे राहते. उभे राहून गाता येते, चालत गाता येते, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून गाता येते. मिरवणूक निघाली तर भजन थांबवावे लागत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढे जे घडले त्यात तिचा मोठा वाटा आहे.

दुसरे भजनाच्या घडणीविषयी. खंजिरीच्या भजनात गायक कडवे म्हणतो आणि ध्रुपद सर्वजण म्हणतात. पोवाड्यातही झीलकरी असतात, पण ते ठरलेले, शिकवलेले साथीदार असतात. खंजिरीच्या भजनात समोर बसलेला कोणीही झीलकरी होतो. श्रोता हा शब्दच येथे अपुरा पडतो. व्याख्यान ऐकणारा मनातल्या मनात म्हणू शकतो की, हे वक्त्याचे मत झाले. ध्रुपद म्हणणाऱ्याला ती सोय उरत नाही. दहा वेळा जे वाक्य आपल्याच तोंडून, शेजाऱ्याच्या कानावर पडेल असे निघाले, ते परके राहत नाही. शिवाय शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याची नाममुद्रा येते. तुकडोजी महाराजांच्या भजनांत ती बहुधा ‘तुकड्यादास’ अशी असते. आणि गाताना तीही साऱ्यांच्या मुखी येते, जणू त्या क्षणापुरता प्रत्येकजण रचणारा झालेला असतो.

याच मुलखातील गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हीच युक्ती कीर्तनात वेगळ्या रीतीने साधली होती. ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. देवाला नवसाचे बकरे लागते काय, हे बाबांनी सांगावयाचे नसे, गर्दीनेच ‘नाही’ म्हणावयाचे असे. बाबांचे कीर्तन रात्री होई आणि त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या हातच्या खराट्याने गाव झाडलेले असे, हे सर्वांस ठाऊक आहे.

अशी उदाहरणे केवळ आपल्याकडे आहेत असे नाही. आज ‘हम होंगे कामयाब’ या हिंदी रूपात आपल्या शाळांतून गायिल्या जाणाऱ्या गीताचा धागा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनापर्यंत जातो. १९४५–४६ मध्ये चार्ल्सटन येथील तंबाखू कारखान्यातील स्त्री-कामगारांनी संपावर असताना ते गायिले. उपासनेत ‘मी’ म्हणून गायिले जाणारे पद संपाच्या रांगेत ‘आम्ही’ असे झाले. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत ते ज्या सामर्थ्याने वावरले, त्याची कळ त्या एका सर्वनामाच्या बदलात आहे असे आम्हांस वाटते.

आता त्या गायकाकडे वळू. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी गरीब घरात झाला. शाळा लवकर सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात त्यांना ‘तुकड्या’ हे नाव मिळाले. पुढे रामटेक, सालबर्डी, चिमूरकडील गोंदेडा अशा रानावनांत त्यांनी काही काळ काढला. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींकडे सुमारे महिनाभर राहिले. तोपर्यंत वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांतून त्यांच्या भजनाला हजारोंची गर्दी होऊ लागली होती. भजने मराठीत असत आणि हिंदीतही असत. मोहगावसारख्या गावी हे विशेष लागू पडले. कारण तेथे एका भाषेत माणूस रडतो आणि दुसऱ्या भाषेत अर्ज करतो. महाराजांनी दोन्ही भाषांत गाऊन ती दरी बरीच बुजवली.

आता १९४२. ‘छोडो भारत’ च्या ठरावानंतर विदर्भाच्या ज्या गावांनी इंग्रजी सत्तेला काही दिवस का होईना, उखडून टाकले, त्यांत चांदा जिल्ह्यातील चिमूर, वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि अमरावती जिल्ह्यातील बेनोडा ही नावे येतात. यांपैकी आष्टी आणि बेनोडा पांढुर्ण्याच्या सीमेपासून फार दूर नाहीत. या तिन्ही ठिकाणी महाराजांच्या भजनांचा प्रभाव होता, याविषयी चळवळीच्या इतिहासकारांत मतभेद नाही. त्या काळातील त्यांच्या एका हिंदी भजनात, वेळ आली म्हणजे वाटेवरचे दगडसुद्धा स्फोटक अस्त्रे होतील आणि भक्तमंडळीच सैन्य होईल, अशा आशयाचे शब्द होते. पांढुर्ण्याची गोटमार ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दगडाने काय होते हे त्या मुलखाला दरवर्षी नव्याने दिसते. तेथे दगडाविषयीचे गाणे ही नुसती उपमा राहत नाही.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरला मिरवणूक निघाली. मिरवणुकीत भजने होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पडला. त्यानंतर जमावाने सरकारी विश्रामगृहाला आग लावली आणि सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. मारले गेलेले अधिकारी हिंदी होते, हे येथे विसरू नये. आष्टीला त्याच दिवशी पोलीस ठाण्यावर चालून गेलेले सत्याग्रही गोळीबारात पडले आणि पोलीसही मारले गेले. तीन दिवसांनी चिमूरमध्ये फौज आली. गावातील पुरुष धरून नेण्यात आले, घरे लुटली गेली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले, ते जानेवारी १९४३ मध्ये सुटले. खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. उरलेल्यांच्या त्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या. महाराजांना ऑगस्टअखेर अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

या घटनेचे दोन प्रकारे वर्णन केले जाते आणि दोन्ही प्रकार आम्हांस अपुरे वाटतात. गौरव करणारे म्हणतात, पाहा, एका खंजिरीने साम्राज्य हादरवले. ते म्हणणे खोटे नाही. पण त्यात आगीत आणि मारहाणीत मेलेल्या माणसांना जागा नाही. बचाव करणारे म्हणतात, संताची वाणी रूपकात्मक असते, लोकांनी ती शब्दशः घेतली, यात गाणाऱ्याचा काय दोष? हे म्हणणे तर आम्हांस अधिकच अडचणीचे वाटते. गाण्याने लोक सत्याग्रहाला निघाले तर श्रेय गाण्याचे, आणि त्याच लोकांनी माणूस मारला तर दोष लोकांचा, असा हिशेब मांडता येत नाही. वर आपण पाहिले की, खंजिरीच्या भजनाचे बळ गायकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालण्यात आहे. मग ते वाक्य ज्या हातापर्यंत पोहोचते, त्या हाताच्या कृतीत गायकाचा काही भाग असतोच. तो किती, हे ठरवण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. ज्या गावाची माणसे गोळ्यांनी पाडली गेली त्या गावाच्या संतापाला सुरक्षित जागी बसून मोजमाप लावणे आम्हांस शोभणार नाही, आणि अत्याचारी सत्ता व खवळलेले गाव यांना एकाच तराजूत घालण्याचाही आमचा विचार नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, प्रश्न पुसून टाकू नये.

आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न नवा नाही, जरी तो त्यांनी येथे ओळखला नसेल. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम हातात डफ घेते, सर्व स्त्रिया तिच्यामागे डफ घेऊन निघतात, आणि ती गाते तेव्हा ते गीत त्यांना उद्देशून, त्यांनी झेलावे म्हणून गाते. तिच्या हातातील वाद्य हे खंजिरीच्याच जातीचे, एका हाताने धरून दुसऱ्याने वाजवण्याचे कातडी वाद्य होते. बायबलमधील अगदी जुन्या काव्यांत त्या गीताची गणना होते. गुलामांनी मुक्त झाल्यावर गायिलेले पहिले गाणे ते; परंतु त्याचा विषय घोडे आणि स्वार समुद्रात बुडाल्याचा आनंद हाच आहे. यहुदी धर्मपंडितांना हे पुढे खुपले. तालमुदात अशी कथा आहे की, त्या रात्री देवदूतही गाऊ लागले तेव्हा देवाने त्यांना थांबवले. आपल्या हातची निर्मिती समुद्रात बुडत असताना तुम्ही गाता काय, असा त्याचा भाव होता. लक्षात घ्यावे की, त्या कथेत देव मिर्यामला थांबवीत नाही. जी काल गुलाम होती तिला गाऊ दिले जाते; ज्यांचे काहीच गेले नव्हते त्यांना गप्प केले जाते. आम्हांस हा भेद फार मोलाचा वाटतो. चिमूरच्या बायकांनी काय गावे, हे ठरवणारे आम्ही कोणी नव्हे. त्यांच्यासाठी गाणे रचणाऱ्याने मात्र त्या कथेतला दुसरा भागही ऐकला पाहिजे.

तुरुंगातून सुटल्यानंतरच्या काळात महाराजांच्या कार्याचा भर कोठे गेला, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मनात काय चालले होते याविषयी आम्ही तर्कच करू शकतो, पण कार्य डोळ्यांपुढे आहे. भजन तर चालूच राहिले. पुढे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांनी ते ऐकून त्यांना राष्ट्रसंत म्हटले, १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेतही ते गेले. परंतु भजनाच्या शेजारी दोन गोष्टी ठळक होत गेल्या. एक, सामुदायिक प्रार्थना. गावातील सर्व जातींच्या आणि पंथांच्या लोकांनी रोज ठरावीक वेळी रांगेने, शिस्तीने, एकत्र बसावयाचे. समोर मूर्ती नाही, केवळ अधिष्ठान म्हणून मांडलेले आसन. ज्या गावांत पाणवठे वेगळे होते तेथे एका रांगेत बसणे हीच क्रांती होती. भजनात भावना उसळतात. प्रार्थनेत तीच मंडळी स्वस्थ बसायला शिकतात. जमाव आणि समुदाय यांत काय अंतर आहे हे सांगणारे लांबलचक ग्रंथ आम्ही धर्मविद्यालयात वाचले आहेत. ते अंतर येथे रोजच्या अर्ध्या-पाऊण तासात पाडलेले दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ग्रामगीता’. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या, आणि अर्पण कोणा देवतेला वा राजाला नव्हे, ग्रामरूपी देवतेला. ज्यांनी ती नुसती नावाने ओळखली आहे त्यांना ती अध्यात्माची पोथी वाटते. उघडून पाहिले तर गावशुद्धी, आरोग्य, ग्रामरक्षण, स्त्रियांची उन्नती, लग्नातील उधळपट्टी, अस्पृश्यता, श्रम, सण कसे करावेत, निवडून कोणाला द्यावे, अशा गोष्टी तीत सापडतात. ओवी ही जात्यावरची, स्त्रियांच्या ओठांवरची चाल. ती तोंडपाठ होते आणि हाताला काम चालू ठेवू देते. काव्य म्हणून पाहता तीतील पुष्कळ भाग रुक्ष आहे, असे आमचे प्रांजळ मत आहे. खताचा खड्डा कोठे असावा हे सांगणारी ओवी रसाळ असणे कठीण. पण १९४२ च्या गाण्यात हाताला दगड सापडला होता आणि १९५५ च्या ओवीत त्याच हाताला फावडे, खराटा आणि पाटी सापडते. आमच्या लेखी या रुक्षपणाची किंमत त्या मानाने फार नाही.

महाराजांचे सारेच आमच्या वाचकांस रुचेल असे नाही. १९६४ मध्ये मुंबईत विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली तेव्हा उपस्थित असणाऱ्यांत ते होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या माणसाने आपल्या प्रार्थनेत सर्व धर्मांना जागा ठेवली, तो त्या सभेत का होता, याची उत्तरे त्यांचे अनुयायी निरनिराळी देतात. आम्ही त्या वादात पडत नाही. मोहगावच्या पारावर जे ऐकले त्यात कोणाचा द्वेष नव्हता, एवढी साक्ष देऊ शकतो.

आमच्या स्वतःच्या मंडळींनी या वाटेवर काही केले नाही असे नाही. नागपुरात आणि राजनांदगावात काही वर्षे काढलेल्या, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी इंग्रजी चालींवर बेतलेल्या स्तोत्रांच्या जागी अभंग, भजन आणि कीर्तन आणले, ही मराठी ख्रिस्ती उपासनेतील मोठी घटना होय. ‘अभंगांजली’ त्याच ध्यासातून झाली. पण टिळकांची पदे आपण आज कशी गातो? पुस्तक हातात, मान खाली, शेजाऱ्याकडे पाठ. ध्रुपद एकमेकांना देण्याघेण्याची जी रीत त्यांनी आणली, ती आमच्या बाकांच्या रांगांनी बरीचशी मोडून टाकली आहे.

या संदर्भात आमची एक फजिती सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत सार्वजनिक नळाभोवती फार घाण साचत असे आणि लहान मुले आजारी पडत. आम्ही उत्साहाने त्यावर एक पद रचले, खंजिरीच्या चालीवर बसवले, आणि संध्याकाळच्या बैठकीत शिकवले. मंडळींनी ते झकास म्हटले. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हटले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही नळाकडे जाऊन पाहिले तो घाण होती तशीच. आम्ही खिन्न होऊन तसे बोलून दाखवले. तेव्हा मागे बसलेली एक वृद्ध बाई म्हणाली, “गानं त चांगलं हाये फादर, पन उद्या सकायी कुदय कोन आनीन, थे त गान्यात नाहीच.” मंडळी हसली, आम्हीही हसलो, पण तो टोला बसला. आमच्या पदात पाण्याचे पावित्र्य होते, मुलांविषयी कळवळा होता, परमेश्वराची करुणा होती. वार नव्हता, वेळ नव्हती, कुदळ नव्हती. त्या बाईनेच मग आणखी एक कडवे सुचवले, त्यात कोणत्या गल्लीतून कोणी फावडे आणावे आणि कोणत्या दिवशी, ते आले. त्यात यमक जुळत नव्हते. नाली खोदली गेली. ती अर्धीच झाली, कारण मध्येच पाऊस लागला.

ही परंपरा अजून चालू आहे. अकोट भागातील सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात, म्हणून त्यांच्या कार्यक्रमाला सप्तखंजिरी म्हणतात. त्यांचे विषय व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा, कर्मकांडावरचा खर्च हेच. आणि गाडगेबाबांप्रमाणे तेही लोकांना हसवत हसवत, त्यांच्याच तोंडून कबुली घेतात. हे काम आजही निर्धोक नाही. २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला होता. त्यातून बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले.

मोहगावकडील भजनांविषयी आमची खरी काळजी वेगळीच आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी पारावर ध्वनिक्षेपक बसतो आणि भ्रमणध्वनीवरून मुद्रित भजन लावून दिले जाते. आवाज पूर्वीपेक्षा लांबवर जातो, सूर चुकत नाहीत, कोणाला जागावे लागत नाही. परंतु त्या भजनाचे ध्रुपद कोणी उचलत नाही, कारण ते ध्वनिमुद्रणातच उचललेले असते. ज्या शेतमजुराविषयी आरंभी लिहिले, त्याला असे भजन लागले म्हणजे काही करावयाचे उरत नाही; तो विडी ओढीत बसून राहतो. त्याच्याकडे जमीन नाही, हुद्दा नाही. गावापुढे बोलण्याची त्याची तेवढीच एक जागा होती. पुढच्या भेटीत आम्ही त्याला विचारले की, अलीकडे गायन कधी होते. तो म्हणाला, गुरुवारी होते, पण लाईट गेली तरच.

तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात देह ठेवला. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला मोझरी येथे त्यांची पुण्यतिथी होते आणि गावोगावच्या मंडळांच्या दिंड्या खंजिरी वाजवीत तेथे येतात. दुपारभर भजने चालतात. मग चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सारे थांबते. जमलेला अफाट समुदाय असेल तेथे हात जोडून उभा राहतो, खंजिऱ्या खाली येतात, आणि काही वेळ त्या माळावर कोणीच काही म्हणत नाही.